वाचणारी भीमाबाई

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिसगावच्या बाजारापासून आमचं गाव सहा किलोमीटर, आणि मधे दुसरं मशीन नाही. त्यामुळे गावातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. सातबारा, जातीचा दाखला, लग्नाची पत्रिका, कोर्टाची नोटीस, मयताचा दाखला, सगळं. लोकांना वाटतं, वाल्मिकला गावाची खडान्‌खडा माहिती असणार. डोंबलाची माहिती! मी कागद वाचत नव्हतो. काचेवर पालथा घालतो, झाकण लावतो, बटण दाबतो. छापलेली बाजू मशीनला दिसते, मला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कुणीतरी विचारणारच, आणि विचारलं की माझं डोकं फिरतं.

कागद वाचायची ती भीमाबाई.

वय साठीच्या पुढं, अंगानं काटकुळी, उजवा गुडघा कामातून गेलेला. शिक्षण चौथी पास. पाचवीला तिसगावला जायचं होतं, पण बापानं हातात कोयता दिला आणि ऊसतोडीला घेऊन गेला. लग्न गावातल्याच अंगदशी झालं, म्हणजे पुन्हा कोयताच. पण चौथीपर्यंत जे वाचायला शिकली ते तिनं सोडलं नाही. खताची गोणी वाचायची, औषधाची बाटली वाचायची, भेळ खाऊन झाली की पुडीचा कागद सरळ करून वाचायची. तेही मनात नाही, मोठ्यानं. माझ्या दुकानात उभी राहिली की भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या जाहिरातीसकट वाचून काढायची. मी वैतागायचो. “मावशे, गिऱ्हाईक पळून जातंय!” म्हटलं की म्हणायची, “तू बटनं दाब. ज्याचं काम त्यानं करावं.”

तिची सही बघण्यासारखी. पूर्ण नाव, सुट्टं सुट्टं अक्षर, आणि शेवटी वरची रेघ एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ ओढताना श्वास रोखायची. सही झाली की कागद जरा लांब धरून बघायची आणि मग द्यायची.

गावात तिचा शब्द चालायचा त्याला एक कारण होतं. छबूबाई म्हणून तिची मैत्रीण आहे, दोघी जन्माच्या सोबती, एकाच टोळीत ऊस तोडलेला. छबूबाईला अक्षराची ओळख नाही. तिच्या भावांनी एकदा तिला गाडीत घालून कचेरीत नेलं. निराधारच्या पेन्शनचा कागद आहे म्हणाले, अंगठा दे. नशीब म्हणून भीमाबाई सोबत गेली होती. तिनं कागद ओढून घेतला आणि तिथंच मोठ्यानं वाचला. हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याचं. शाई लागलेला छबूबाईचा अंगठा भीमाबाईनं आपल्या पदराला पुसला आणि भावांना अशा शिव्या घातल्या की कचेरीतला शिपाईसुद्धा बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आमच्या गावात बायकांचा नियमच झाला. भीमाबाईनं वाचल्याशिवाय अंगठा नाही.

आता धर्मशाळेचं सांगतो.

आमच्या वेशीला लागून काळ्या दगडाची धर्मशाळा होती. होती म्हणतोय, लक्षात ठेवा. तीन कमानी, लांब ओसरी, आत दोन दालनं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात ती बांधली. कामावर सगळा गाव होता. दगड घडवायचा आणि त्याच्यावर ज्वारी मिळायची. पण लिहिता कुणाला येत होतं? म्हणून ज्यानं त्यानं आपल्या दगडावर आपल्या घराची खूण कोरली. कुणी विळा, कुणी चाकाची धाव, कुणी बैलाची शिंगं, कुणी नुसत्या दोन टिकल्या आणि रेघ. संध्याकाळी खूण बघून धान्य द्यायचे. त्या खुणा तशाच राहिल्या. भीमाबाईच्या सासरची खूण खुरप्याची, माझी अडकित्त्याची, छबूबाईच्या दोन टिकल्या.

निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. जाताना बाया आपला दगड धुवायच्या, हळदीकुंकू लावायच्या आणि दगडाला हात लावून म्हणायच्या, “येतो आमी.” जातो म्हणायचं नाही. घरातली भांडी, पेट्या, गोधड्या आतल्या दालनात ठेवून जायच्या. पाच-सहा महिन्यांनी परत आल्या की घरी जायच्या आधी दगडापाशी, “आलो.” मग सामान उचलायचं.

अंगद कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉली उलटून तिच्याखाली गेला. त्या साली भीमाबाई परत आली तेव्हा मी दुकान उघडत होतो. बाकीच्या बायका मागं थांबल्या. ती एकटी पुढं गेली, खुरप्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आले. मी एकलीच आले.” मला रस्त्यापलीकडं ऐकू आलं. पुढं गुडघ्यानं तिचं तोडीला जाणं सुटलं आणि ती त्या सामानाची राखण करायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दालनाची किल्ली कमरेला आणि कुणाची पेटी कुठं ते सगळं वहीत. चौथीपर्यंतची शाळा ती याच ओसरीवर शिकली होती. लिहायला, वाचायला, रडायला, सगळ्याला तिची जागा तीच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बातमी फुटली. धर्मशाळा पाडायची आणि तिथं दुमजली गाळे काढायचे. सरपंच बिभीषण माझ्याच वर्गातला. तोंडानं मध, आणि कुठल्याही माणसाला “आपलंच आहे” म्हणून खांद्यावर हात टाकायची सवय. त्याला विचारलं तर म्हणाला, “अजून कशात काय नाही रे.” दुसऱ्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन ओसरी मोजताना दिसली.

भीमाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून घरोघर निघाली, फरफटत्या पायानं. कुणाला भाषण दिलं नाही. उंबऱ्यात उभी राहून एवढंच विचारायची, “तुमचा दगुड कंचा?” ज्यांना माहीत होता ते सांगायचे. ज्यांना नव्हता त्यांना हाताला धरून न्यायची, म्हाताऱ्यांना विचारून शोधून द्यायची. पुण्याला कंपनीत असलेली पोरंसुद्धा फोनवर आपली खूण विचारायला लागली. मला पण तिनंच नेलं. पन्नास वर्षं समोर दुकान-घर, पण अडकित्ता कुठं ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कमानीच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर. हात लावला तो काढवेचना, खोटं कशाला बोलू.

मग सर्वपित्री अमावास्येला तिनं गाव गोळा केलं. त्या दिवशी पितरांचा घास घराच्या पत्र्यावर टाकतात. ती म्हणाली, या साली नैवेद्य धर्मशाळेपाशी आणा, आपले पितर तिथंच राबलेत. आणि काय सांगू, सगळं गाव आलं! ज्याच्या त्याच्या दगडापुढं पान वाढलेलं आणि दगडावर घरच्या माणसाचा हात. वरच्या थरातल्या दगडांना पोरं खांद्यावर चढून हात लावून उभी. एक पत्रकार आला, व्हिडिओ निघाले, तिसगावची माणसं बघायला आली. बिभीषणाच्या आईनंसुद्धा नांगराच्या खुणेवर हात ठेवला. बिभीषण लांब गाडीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

दोनच दिवसांत बिभीषण भीमाबाईच्या घरी गेला, पाया पडला. “मावशी, गाव तुमच्या बाजूनं आहे, मी गावाच्या बाहेर नाही. पण वर कागद लागतो. सगळ्यांच्या सह्या घ्या, मी स्वतः पाठवतो.” सोबत ग्रामसेवक होता. त्यानं छापील नमुना दिला.

भीमाबाईनं तो तिथंच वाचला, मोठ्यानं. ‘आम्ही खालील सह्या करणारे ग्रामस्थ विनंती करतो की, गावातील जुनी धर्मशाळा इमारत निर्लेखित करणेबाबत पुढील कार्यवाही व्हावी.’ एका शब्दाला ती अडली. विचारलं, “निर्लेखित म्हंजी?”

ग्रामसेवक म्हणाला, “सरकारी भाषा आहे मावशी. नोंदवहीतलं काम असतं.”

तो खोटं बोलला नाही, हीच तर त्याची हुशारी. मेल्याला माझ्यासमोर आणा!

ते दोघे गेल्यावर भीमाबाईनं रात्रभर तो शब्द फोडला. सकाळी माझ्या दुकानात आली ती खुशीत. म्हणाली, “वाल्मिक, लेखन म्हंजी लिव्हनं. आन्‌ निर् कसला? निर्मळ मधला. निर्मळ म्हंजी चोख. तवा निर्लेखन म्हंजी निर्मळ लेखन. धर्मशाळंची चोख नोंद हुनार, सरकारच्या दप्तरात! एकदा नोंद झाली का कुनाचा बाप पाडू शकत न्हाई.”

मी म्हटलं, “वा.” नुसतं वा. त्या वेळी टोनर संपत आला होता, प्रत फिकी येत होती, म्हणून मी मशीनशी झटापट करत होतो. तिच्या हातातला कागद घेतला, पालथा घातला, झाकण लावलं. चाळीस प्रती काढल्या. पैसे घेतले नाहीत, म्हटलं पुण्याचं काम आहे.

आता ऐका. त्याच्या दोन महिने आधी शाळेच्या मास्तरांनी माझ्याकडं जुन्या वर्गखोल्यांचा असाच प्रस्ताव झेरॉक्सला आणला होता. वर मोठ्या अक्षरात निर्लेखन लिहिलं होतं. मी त्यांना सहज विचारलं होतं, हे काय असतं? ते म्हणाले होते, “इमारत दप्तरातून काढून टाकायची, मग पाडायची.” आठवड्यात त्या खोल्या पाडल्याही. म्हणजे गावात तो शब्द ठाऊक असलेल्या चार-दोन माणसांत एक मी होतो. आणि भीमाबाईनं तो शब्द माझ्यासमोर उभं राहून उच्चारला. मी ऐकलाच नाही. कान होते कुठं माझे? टोनरमध्ये!

दसऱ्याला आठवडा उरला होता. दसरा झाला की टोळ्या जाणार, मग सह्या कुणाच्या घेणार? भीमाबाईनं त्या आठवड्यात पाय म्हटला नाही की पोट म्हटलं नाही. पहिली सही तिनं स्वतःची केली, तीच ती श्वास रोखून ओढलेली रेघ. मग वाडी-वस्तीवर, शेतात, बोअरच्या कडेला. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे. छबूबाईनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. “भीमे, तू वाचलंय न? मग झालं,” म्हणाली आणि अंगठा टेकवला. ट्रॅक्टर भरायला लागले त्या सकाळी भीमाबाई वेशीत पाटीवर कागद ठेवून पेन घेऊन बसली होती. चढता चढता माणसं सही करत होती. बाया दगड धुऊन, “येतो आमी” म्हणून ट्रॉलीत बसत होत्या. सहाशेच्या वर सह्या झाल्या. एवढी गर्दी आमच्या गावात कुठल्याच कागदावर कधी झाली नव्हती.

चार घरांनी मात्र सही दिली नाही. सुनील आणि त्याच्या मेळातले, ज्यांना नवे गाळे पाहिजे होते. सुनील म्हणाला, “मावशी, राग धरू नका, पण धर्मशाळा पडलीच पाहिजे. मी सही करणार नाही.” पाडा म्हणणारे तेवढे चौघे सही न करता राहिले. याच्यावर हसावं की कपाळ फोडून घ्यावं, मला अजून कळत नाही.

दिवाळी झाली. निम्म्या घरांना कुलुपं. तुळशीच्या लग्नानंतर एका सकाळी जेसीबी आला, मागं दोन डंपर, एक जीप आणि दोन पोलीस.

मी शटर अर्धं टाकून पळालो. भीमाबाई माझ्या आधी पोचली होती. उंबऱ्यात उजवा पाय पसरून बसली होती, आणि घाबरलेली अजिबात नव्हती. उलट हसत होती. तालुक्याहून आलेला साहेब तरुण होता, चांगल्या घरचा दिसत होता. खाली वाकून म्हणाला, “मावशी, उठा. कामाचा आदेश आहे.”

“साहेब, तुमी चुकून आलात. हिची नोंद झाली हाय. सगळ्या गावानं सह्या दिल्यात.”

“हो, सह्या आहेत की,” साहेबानं फाईल उघडली. “त्याच सह्यांवर आदेश निघालाय. ही पहिली सही तुमचीच ना?”

भीमाबाईनं फाईलवर बोट ठेवलं. “माझीच. वाचा न मोठ्यानं. काय लिव्हलंय ते ह्या समद्यांना ऐकवा.”

साहेबानं वाचलं. निर्लेखित शब्द आला तशी ती म्हणाली, “हां! तेच. आमी तेच म्हंतो.”

साहेबाला काही कळेना. त्यानं आमच्या सगळ्यांकडं बघितलं आणि मग हळू आवाजात म्हणाला, “मावशी, निर्लेखित म्हणजे काढून टाकणे. पाडण्यासाठीच असतं ते.”

“न्हाई. निर्मळ लेखन असतं ते.”

“नाही मावशी.”

तिनं मान वळवली आणि मला शोधलं. “वाल्मिक, ह्यो काय म्हंतोय? तुझ्याकडं कागद येत्यात. तू सांग.”

मास्तर आठवले, शाळेच्या खोल्या आठवल्या, टोनर आठवला. खोटं बोलावं असं मनात आलं, पण बोलून काय होणार होतं? म्हटलं, “बरोबर आहे मावशे, त्यांचं.”

तिचे ओठ हलत होते. मग तिनं तोच शब्द पुन्हा फोडला, आमच्यासमोर, शाळेतल्या पोरीगत. “निर्मळ... म्हंजी मळ न्हाई ते. निर्लेखन... म्हंजी लेखन...” आणि थांबली. निर् म्हणजे नाही, हे चौथीच्या पुस्तकातलं तिला तेव्हा कळलं.

मी बिभीषणाच्या नावानं ओरडलो, पोलिसाच्या अंगावर गेलो, त्यानं मला बाजूला सारलं. भीमाबाई मात्र आपल्या हातानं उंबरा धरून उठली. साहेबाला म्हणाली, “थांबा. लोकांची भांडी काढू द्या.” एवढंच. मग आम्ही चार-पाच म्हातारे आणि ती, दुपारपर्यंत पेट्या आणि गोधड्या बाहेर काढत राहिलो. वहीत बघून प्रत्येक पेटीला तिनं बाजूला लावलं. साहेब सावलीत उभा होता आणि आमच्याकडं बघत नव्हता.

दुपारी पहिली कमान पडली. माझा अडकित्ता दुसरीत होता, तो मला दिसलाही नाही. दगड डंपरमध्ये पडताना ती काठाला उभी राहून जी खूण दिसेल तिच्या घराचं नाव घेत होती. अधूनमधून एखादी ओळखू यायची. “ती छगनची... ती बिभीषनची...” संध्याकाळी डंपर खडीच्या क्रशरकडं गेले. त्या खडीवरूनच आता तिसगावचा नवा रस्ता जातो. मी त्यानंच ये-जा करतो, दुसरा रस्ताच नाही.

मी अर्ज टाईप केले, फुकट केले, जिल्ह्याच्या कचेरीकडं जुन्या नावानं नगर आणि नव्यानं अहिल्यानगर असं दोन्ही पत्त्यांनी पाठवले. चारदा बसनं गेलो. सगळीकडं एकच उत्तर मिळालं. सहाशे लोकांची मागणी होती, आणि इमारत आता जागेवर नाही. बिभीषण म्हणाला, “कागद मोठ्यानं वाचूनच सह्या झाल्या की रे, सगळं गाव साक्षीला आहे.” मी त्याच्या दारात थुंकून आलो. त्यानं गाळे कुठं वाकडे झाले?

धर्मशाळा पाडल्याचे व्हिडिओ उसाच्या फडात पोचले होते. छबूबाईचा फोन माझ्या मोबाईलवर आला. म्हणाली, “भीमीला दे.” मी दिला. तिकडून एकच वाक्य ऐकू आलं, “तू वाचलं हुतंस न गं?” भीमाबाई “व्हय” म्हणाली आणि फोन मला परत दिला.

फाल्गुनात टोळ्या परत आल्या. ट्रॅक्टर नेहमीच्या जागी थांबले आणि बाया सवयीनं उतरल्या. पुढं निळे पत्रे आणि पायाचा खड्डा. कुणी “आलो” म्हणालं नाही. भीमाबाईनं पेट्या आपल्या घरात ठेवल्या होत्या. तिची स्वतःची खाट अंगणात होती. तिनं वही बघून ज्याचं त्याला दिलं. कुणी तिला वाईट बोललं नाही, उलट “तुझा काय दोष” असंच म्हणाले. पण त्या दिवसापासून कागद तिच्याकडं जायचे थांबले. आता बाया माझ्याकडं येतात. “वाल्मिकभाऊ, वाचून दाखव.” आणि मी वाचतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दुकानात रांग लागली तरी. आता मी वाचायला लागलोय, मेल्यावर औषध.

ती दुकानात आली की भिंतीकडं बघत नाही. मी मुद्दाम मोठं रंगीत कॅलेंडर लावलं, जाहिराती असलेलं. ती खाली बघून उभी राहते.

गेल्या महिन्यात आली ती पेन्शनचा हयातीचा दाखला घेऊन. जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं दरसाल. मी तिला पूर्ण वाचून दाखवला, दोनदा. ‘मी आजरोजी हयात आहे.’ तिनं मान डोलावली. मी पेन पुढं केलं.

“शाई हाय का?” तिनं विचारलं.

“शाई कशाला? मावशे, तुला सही येते.”

“येत हुती.”

मला राग आला, खरंच राग आला. म्हटलं, आख्ख्या गावात तुझ्यासारखी सही कुणाची नाही, धर पेन. ती भांडली नाही. डावा अंगठा पुढं करून तशीच उभी राहिली, मागं बाया खोळंबल्या तरी हलेना. शेवटी मी खणातून शाईचं पॅड काढलं, तिचा अंगठा धरला आणि माझ्याच हातानं कागदावर टेकवला.